मका खाल्लेली शेगडी

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे आणि माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. अगदी काजळीपर्यंत लाज!

मी लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, करंगळीच्या पेराएवढ्या कांड्यांवर चालते. पोटातला स्क्रू त्या थोड्या थोड्या जाळवाटीत ढकलतो आणि काचेमागे ज्वाळा नाचते. इटलीतल्या फ्रिउलीच्या डोंगरात, नोरिना आजींच्या स्वयंपाकघरात मी आले, तेव्हा अख्खी गल्ली बघायला लोटली. "कुऱ्हाड नको, फुंकर नको, राणीच आहे की ही!" मी किती फुगले म्हणून सांगू!

मग एका हिवाळ्यात आजींनी पोलेंटासाठी, म्हणजे मक्याच्या घट्ट घाट्यासाठी, ठेवलेला मका किडला. आमच्याकडे मका फेकत नाहीत. कध्धीच नाही! आजींनी तो गुपचूप माझ्या टाकीत ओतला. तो जळला खरा, पण वाटीत वितळून दगडासारखा घट्ट बसला. हवेची भोकं बुजली. संत निकोलसच्या सणाला पाहुणे जेवत होते आणि मी त्यांच्या तोंडावर धूर सोडला. सगळे खोकत बाहेर बर्फात पळाले. मला वाटलं, फरशी फाटावी आणि मी आत जावं.

"भंगार आहे मेली!" आजी सगळ्यांना म्हणाल्या. मक्याचं नावसुद्धा काढलं नाही.

चार हिवाळे मी डोक्यावर कांद्याची टोपली घेऊन थंड बसले. आजी तीन तीन स्वेटर घालून कुडकुडायच्या. शेवटी त्यांचा मुलगा तुलिओ म्हणाला, "आई, रविवारी मी येतोय. घर असंच गार असेल तर तुला माझ्याकडे शहरात नेणार. बॅग भरून ठेव." आजींनी बॅग भरली, पण त्या दिवशी जेवल्या नाहीत.

शनिवारी त्यांची नात इलेन्या बाह्या सरसावून माझ्यासमोर बसली. तिने माझं पोट उघडलं. दोन बादल्या राख! धुराड्याच्या नळीतून तर काजळीचे गठ्ठे पडले. माझी सगळी घाण फरशीवर मांडलेली, शी! तिने छिन्नीने वाटीतला दगड फोडला आणि टाकीच्या तळातून काहीतरी उचललं.

"आजी, हे पिवळे दाणे कसले?"

"मला काय माहीत! उंदरांनी आणले असतील."

"उंदीर मका आणून ठेवतात? खात नाहीत?"

आजी भांडी घासायला वळल्या. भांडी आधीच घासलेली होती.

इलेन्याने माझ्या दाराच्या कडेची, धूर अडवणारी झिजलेली दोरी बदलली. दारात कागदाची पट्टी अडकवून ओढली. पट्टी हलली नाही. "आता कसं दार घट्ट बसलं, शहाणे!" ती मला म्हणाली. मग तिने बटण दाबलं आणि चार वर्षांनी माझ्या पोटात उजेड पडला.

रविवारी तुलिओ आला. हात शेकले, तरी मान हलवली. "पेटली, ठीक आहे. पण तेव्हा धूर का केला, ते कळलंय का? पुन्हा केला आणि तू एकटी असलीस तर? नको आई, हिचा भरवसा नाही. चल."

आजींनी बॅगेचा बंद धरला. मग सोडला. कानांपर्यंत लाल झाल्या.

"तिचा काही दोष नाही रे. मीच तिला मका घातला. किडलेला. पोतंभर."

"मका? आई! आणि मी ही शेगडी विकणाऱ्या दुकानदाराला चार वर्षं शिव्या घालतोय!"

"मग जाऊन माफी माग. माझ्याही वाटची माग."

तुलिओ हसायला लागला. त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बॅग उचलून आजींच्या खोलीत नेऊन ठेवली.

मित्रांनो, आमची राख वेळेवर काढा. आणि तुमच्याकडून काही चुकलं तर लगेच सांगून टाका, कारण आम्हाला तोंड नसतं. तुम्ही बोललात तरच आम्ही सुटतो.