ओल्या वाळूची वाट

मन्मथनं मोटारसायकलच्या टायरच्या व्हॉल्व्हवर नख दाबून धरलं.

"अजून सोड," नागप्पामामा म्हणाला. "फुगलेलं टायर वाळूत रुततंय. पसरलं पायजे."

"रिम वाकली तर?"

"गाडी माझी हाय. तू सोड हवा."

लातूर नवा जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. दुष्काळानं मांजरेची नुसती वाळू उरली होती, आणि पलीकडच्या गावांचं टपाल त्या वाळूतून नेणारा स्वार नव्या कचेरीला हवा होता. पाय न टेकता नदी पार करून परत येईल, त्याला नोकरी. आधीचे दोघे मध्यावरच आडवे झाले होते. बी.ए. होऊन तीन वर्षं मामाच्या गॅरेजात हात काळे करणाऱ्या मन्मथचा जीव थाऱ्यावर नव्हता. आईनं देव पाण्यात घातले असते, पण घरात पाणी होतं कुठं?

"मागं सरकून बस. हात ढिले ठिव. आन काय बी झालं तरी रेस सोडू नको," मामानं बजावलं. "वली वाळू बघून चालव. तिथं चाक बुडत न्हाई."

जाताना जमलं. गाडीचं तोंड डुलत होतं, त्यानं डुलू दिलं. येताना मात्र मागचं चाक बसायला लागलं. डावीकडे ओला, काळपट पट्टा दिसला आणि त्यानं गाडी तिकडे घातली. पट्ट्यात हातभर खोल झिरा उकरून म्हातारी साखराबाई वाटीवाटीनं घागर भरत बसली होती. ओल जिथं, पाणी तिथं, आणि पाणी भरणारंही तिथंच. एवढी साधी गोष्ट बेट्याला आधी सुचली नाही. रेस सोडली तर गाडी रुतणार होती. त्यानं सोडली नाही. म्हातारी बाजूला लवंडली आणि झिऱ्याचा काठ ढासळवत गाडी निघून गेली.

"सोमवारी रुजू व्हा," काठावर थांबलेले कचेरीचे साहेब म्हणाले.

मामानं त्याला उचललंच. मन्मथ हसत होता आणि सारखा मागं बघत होता. शेवटी मामाच्या हातून सुटून तो पुन्हा नदीत उतरला.

घागर कलंडली होती. साखराबाई बुजलेला झिरा उकरत होती. तोही गुडघ्यांवर बसून ओंजळीनं वाळू उपसू लागला. लाजेनं त्याला वर बघवेना.

"लागलं का, आज्जी?"

"न्हाई."

बऱ्याच वेळानं तळाशी गढूळ पाणी दिसलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

तिनं घागर सरळ केली.

"नोकरी लागली वाटतं तुला. आता रोज येणार का हितनं?"

"हाव."

"मग कोन्या वाटंनं जाणार ते आधी सांगून ठिव, बाबा. मी दुसरीकडं खोदीन."