चाळीतली डाळिंबी साडी

गिरणीसंपाला वर्ष उलटलं होतं, पण उत्तरा एम.ए.साठी भरत होती त्या कागदांवर मात्र रामराज्य नांदत होतं! नाहूरच्या चाळीतल्या प्रत्येक कोकणी घराने तिला हेच सांगितलं होतं, की आमचं झकास चाललंय, गावाला घर आहे, आंब्याची कलमं आहेत. प्रबंध कशावर, तर संपाने मोडलेल्या संसारांवर, आणि एकही संसार मोडलेला सापडेना. असलं काही सरांपुढे ठेवलं असतं तर वर्षच बुडालं असतं. मुलुंडहून पुन्हा चाळीकडे निघताना तिला रडू येत होतं.

प्रश्न तसे सरळ होते. कमावते किती, गावाला जमीन किती, मुलींची वयं, शिक्षण. एकटीने जायचं नाही असं आईने बजावलेलं, म्हणून थोरला भाऊ नंदकिशोर सोबत यायचा आणि मुकाट्याने शेजारी बसायचा. डाळिंबी साडी नेसलेली घरातली मुलगी पोहे आणायची. प्रत्येक घरात पोहे! नंदूचं पोट सुटलं होतं.

आज तो नव्हता. सुगंधाकाकूंनी दार उघडलं आणि आधी तिच्या पाठीमागे बघितलं.

"भाऊ नाय इलो? मगे काय ठरला? आमची सुलक्षणा पसंत पडली काय गो?"

उत्तराच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तरणाताठा भाऊ शेजारी बसलेला, आणि बहीण विचारतेय मुलीचं वय काय नि जमीन किती! एवढं न कळणाऱ्या बाईला संशोधनपद्धतीत पहिला वर्ग कुणी दिला, देव जाणे.

"अहो काकू, स्थळ नाही हो ते! कॉलेजचं काम आहे माझं. नंदूचं लग्न कधीच ठरलंय!"

आता ह्या हाकलणार, असं तिला वाटलं. पण काकू जमिनीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"बरा झाला गो बाय! खोटा बोलान बोलान जीभ दुखाक लागली. लिव आता. घोव वरीसभर घरात बसलो हा. कलमा गहाण पडली. ती डाळिंबी साडी आख्ख्या चाळीत एकच आसा." मग त्यांनी गॅलरीत जाऊन हाक दिली, "गो वनमाला, स्थळ नाय हा ता! खरा सांगा सगळी!"

उत्तराच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती फतकल मारून बसली.

सुलक्षणा विटक्या गाऊनमध्ये कोरा चहा घेऊन आली. तीही हसत होती.

"सुटले बाई," ती म्हणाली. "तुझ्या भावाने पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले ना, तेव्हा कढईत आमच्यासाठी काहीच उरलं नव्हतं."

उत्तराने तेही लिहून घेतलं.