दहा मिनिटांची लाइन

पंप दुरुस्त करून देणाऱ्या पंपवाल्यांचे दोन इंटरनेट कंपन्यांशी भांडून झाले होते. आता तिसरीशी भांडायला ते फोनजवळ खुर्ची ओढून बसले.

पहिल्या दोन्ही कंपन्यांनी आधी सरळ हात वर केले होते. "आमची जोडणीची सीडी विंडोजलाच चालते, काका. लिनक्स असेल तर तुमचं तुम्ही बघा." कोपऱ्यावरचा कॉम्प्युटरवाला म्हणाला होता, "सगळं पुसून विंडोज घालून देतो." पुसून म्हटल्याबरोबर पंपवाल्यांनी मशीन काखोटीला मारून घर गाठले. मशीन चालवायला विंडोजच्या जागी ते लिनक्स बायकोने घातले होते. ती शाळेत गणित शिकवायची. जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन तिने ते एकटीने बसवले, तेव्हा पंपवाले म्हणाले होते, "सगळं जग दारातून आत येतं, तू कुंपणावरून उडी मार!" ती नुसती हसली होती.

लेक परदेशी गेल्यावर तिला इंटरनेट हवे होते. फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा मोडेमही आणून ठेवला होता.

"फोन अडकला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल," पंपवाले म्हणाले.

"थोडाच वेळ लावीन हो."

"बायकांचा थोडा वेळ मला माहीत आहे."

तिने पुन्हा विषय काढला नाही. मग दुखणे आले, आणि ती गेली.

आता लेकीने नातीचे फोटो इंटरनेटवर लावले होते. "बाबा, निदान तुम्ही तरी बघा," ती म्हणाली. त्यातला 'निदान' पंपवाल्यांना लागला. बायकोने मशीनच्या पडद्यावर कंपनीला फोन लावायची चौकट तयारच ठेवली होती, फक्त कंपनीचा नंबर आणि नाव रिकामे. पंपवाल्यांनी ते भरले. लाइन लागली, आणि थोड्या वेळाने तुटली. कंपनी बदलली, त्याच चौकटीत नवा नंबर घातला, तरी तेच. तिसरीचेही तेच.

"लाइन देता की थट्टा करता?" त्यांनी तिसऱ्या कंपनीच्या माणसाला फैलावर घेतले. "आणि सीडीचं नाव काढू नका, माझ्याकडे लिनक्स आहे!"

"अरे वा! माझ्या घरीही तेच आहे," तो माणूस खुशीत म्हणाला. "थांबा हं, बघतो... काका, आम्ही तोडत नाही. दर वेळी दहा मिनिटं झाली की तुमचं मशीनच फोन ठेवतं."

"मशीन आपणहून कसा फोन ठेवेल? नाचता येईना, अंगण वाकडं!"

"सांगून ठेवलं असेल तर ठेवतं. फोन लावायची चौकट उघडा. वेळेची मर्यादा लिहिलीय कुठे?"

पंपवाल्यांनी चष्मा सारखा केला. "हो. दहा."

"बघा! हे आपोआप येत नाही, कुणीतरी हातानं घालतं. मुलांनी जास्त वेळ बसू नये म्हणून घालतात लोक. घरात लहान मूल आहे का?"

"नाही."

"मग शून्य घाला तिथे. मग दिवसभर बसा."

फोन ठेवल्यावरही पंपवाल्यांचा हात त्यावरच राहिला. बायकोने वाद घातला नव्हता. गिऱ्हाइकाचा फोन अडू नये म्हणून, लाइन येण्याआधीच स्वतःला दहा मिनिटे नेमून दिली होती. आणि ती दहा मिनिटेही त्यांनी दिली नाहीत.

त्यांनी शून्यावर बोट ठेवले आणि न दाबताच उचलले. तसेच मशीनवरून कंपनीला फोन लावला. मोडेम खरखरला, त्याने शिट्ट्या मारल्या, लाइन लागली. एका बोटाने लेकीने दिलेला फोटोंचा पत्ता लिहिण्यातच बराच वेळ गेला. मग भला मोठा फोटो वरून एकेक पट्टी उलगडू लागला. टाळूवरचे जावळ. कपाळ. भुवया थेट आजीच्या. डोळे अर्धे दिसले, आणि लाइन तुटली.

फोन मोकळा झाला.

पंपवाले त्याच्याकडे बघत बसले. आता एखाद्या गिऱ्हाइकाने फोन करावा, कुणाचा तरी पंप बंद पडलेला असावा, असे त्यांना फार वाटले. फोन गप्प होता. गिऱ्हाइके आजकाल मोबाइलवरच बोलवत.

बऱ्याच वेळाने त्यांनी तिच्या हातचा दहाचा आकडा होता तसाच ठेवून पुन्हा लाइन लावली. फोटो पुन्हा जावळापासून सुरू झाला.