धारोष्ण दूध आणि गोळी

मुगिशाच्या रक्तात कॅन्सर परत वाढला, तेव्हा त्याची आई केंबाबाझी दवाखान्यात नर्सवर भडकलीच. "गोळ्याच खोट्या तुमच्या! मी एकही चुकवलेली नाही."

"कशासोबत देतेस गं?"

"धारोष्ण दुधासोबत. आम्ही गाईवाले, पोराला काय पाणी पाजू?"

नर्सनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, ही गोळी कॅन्सरच्या पेशींना खाऊ वाटते. त्या फसून खातात नि मरतात. पण कच्च्या दुधातला एक रस तिला पोटातच मोडतो."

सगळ्यात चांगल्या गाईचं दूध केंबाबाझीनं मुद्दाम त्याच्यासाठी राखलं होतं.

तेवढ्यात मुगिशानं नर्सनं दिलेली गोळी तोंडात टाकली आणि सवयीनं घरून आणलेला दुधाचा गडू उचलला. केंबाबाझीनं झडप घालून तो हिसकावला. दूध सांडलं. थेंब सांडला तरी घर डोक्यावर घेणारी ती बाई नुसती बघत राहिली.