सोळावा शंख

यांग तेओकच्या खानावळीत उकडलेलं डुकराचं मांस अजून लाकडी फळीवरच येतं. फळी टेबलाच्या मधोमध ठेवताना यांग म्हणाला, "हे डुक्कर माझ्यापेक्षा सुखात वाढलंय." एरवी बायका त्याला दोन शब्द सुनावतात. त्या दुपारी कोणी हसलंसुद्धा नाही.

गावातल्या, समुद्रतळाशी बुडी मारून शंख काढणाऱ्या आठही पाणबुड्या बायका जमल्या होत्या त्या मालसुनच्या सुनेचा निकाल लावायला. सून येबिन समुद्रापलीकडच्या मोठ्या शहरातली. लग्न होऊन बेटावर आली आणि दोन वर्षं सासूच्या मागेमागे उथळ पाण्यात बुड्या मारत राहिली. आज आठही जणींनी हो म्हटलं की ती खोल पाण्यात जायला मोकळी. एकीनं जरी नाही म्हटलं तर आणखी एक वर्ष किनाऱ्याशी. मालसुनचे गुडघे या वर्षाच्या पुढे चालणारे नव्हते, हे ती सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. सुनेला खोल पाणी आपल्या हातानं दाखवायचं तर ते याच वर्षी.

मांसाशेजारी यांगनं उकडलेल्या शंखांचं ताट ठेवलं. मालसुननं हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. ढिगात एक शंख बोटभर लहान होता, आणि त्याला काटे नव्हते. लाटा झेलणाऱ्या शंखाला काटे येतात. असा गुळगुळीत शंख फक्त काळ्या खडकामागच्या शांत पाण्यात मिळतो. तिथे सध्या एकटी येबिन उतरते. आणि एवढा लहान शंख बायकांच्या शेडमधल्या मापाच्या लोखंडी कडीतून आरपार पडला असता, म्हणजे परत समुद्रात गेला असता. हा कडीला टाळून आला होता.

तिनं सुनेकडे पाहिलं. येबिन आपल्या भाताकडे पाहत होती, भात काही बोलेल या आशेनं जणू.

मालसुननं लेट्यूसचं पान घेतलं, त्यात मांसाचा तुकडा ठेवला, मुळ्याची आंबट-तिखट किमची घातली, आणि पान गुंडाळता गुंडाळता तो शंख अलगद मांडीवरच्या रुमालात सोडला.

"मालसुन, भूक लागलेली दिसते," चुनह्वा म्हणाली. चुनह्वाची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार. "सुनेच्या काळजीनं की सुनेच्या आनंदानं?"

"तू जेव. बोललीस की तुझा घास नाकात जातो."

टोकाला इन्सेंग मावशी बसली होती, बाहत्तर वर्षांची, सगळ्यांची प्रमुख. ती हळूहळू खात होती आणि सगळ्यांची रिकामी टरफलं एका रांगेत लावत होती. ताट संपलं तेव्हा तिनं यांगला हाक मारली.

"किती शंख टाकलेस रे?"

"सोळा, मावशी. माणशी दोन. येबिन आज पाहुणी, तिनं नको म्हटलं."

"टरफलं पंधरा आहेत."

यांग मान खाजवू लागला. "एखादा मीच खाल्ला असेल."

"टरफलासकट?"

कोणीतरी खोकलं. मग येबिन गुडघ्यांवर सरळ बसली.

"तो मी आणला होता. पाण्यात मोठा दिसत होता. वर आल्यावर पाहिलं तर लहान. कडीपुढे न्यायची लाज वाटली, निकाल तोंडावर आलेला. म्हणून यांगकाकांना गुपचूप दिला. तुम्हीच खा म्हटलं होतं."

"मला शंख आवडत नाहीत," यांग पुटपुटला आणि स्वयंपाकघरात गेला.

"पाण्यात सगळंच मोठं दिसतं," इन्सेंग मावशी म्हणाली. "मीसुद्धा फसलेय. पण सोळावा कुठे गेला?"

मालसुननं रुमाल उघडला आणि शंख रांगेच्या टोकाला ठेवला. तिचे कान तापले होते.

"तू लपवलास," मावशी म्हणाली. "मग पहिलं मत तूच दे. शिकवलंस तू, तिला ओळखतेस तू."

मालसुनला हो म्हणायचं होतं. दोन वर्षं हेच तर तिनं ठरवलं होतं. तिला वाटलं, तळाशी दम संपत आला तर ही पोर मला खूण करील का? की लाज वाटते म्हणून आणखी एक शंख उचलायला हात पुढे करील? आणि ते पाहूनही मी वर येऊन सगळ्यांना म्हणेन, काही नाही झालं?

"नाही," ती म्हणाली. "यंदा नाही."

येबिनचे डोळे भरले, पण तिनं मान खाली घातली नाही. इन्सेंग मावशीनं मतं पुढे विचारलीच नाहीत.

"आणि माझे गुडघे गेलेत," मालसुन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. हेही तिनं आजवर लपवलंच होतं. "पुढच्या वर्षी मी पाण्यात नसेन. हिला खोलात कोण नेणार?"

चुनह्वानं फळीवरचा शेवटचा तुकडा उचलला आणि चावत चावत म्हणाली, "मी नेईन. पण माझ्या शिव्या खाव्या लागतील, तिला सांगून ठेव."

"मी इथेच बसलेय, मावशी," येबिन चुनह्वाकडे वळून म्हणाली. "मलाच सांगा."