श्राद्धाच्या दिवशी सरोजा

समाजसेवा म्हटली की वादिराजरावांच्या अंगात यायचं. मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या तंजावरी मराठी मंडळाचे ते चिटणीस. अन्नदानावर तास तास भाषण ठोकायचे. पण त्यांचीच लेक कनका समाजकार्याच्या कॉलेजात जाते म्हणाली, तशी स्वारी भडकली.

"सोमवारी गुमान बँकेत रुजू हो! सेवा रिटायर झाल्यावर करायची असते. झोपडपट्ट्या तुडवत फिरणाऱ्या पोरीला स्थळ कोण आणणार?"

कनका आतल्या आत धुमसत राहिली. त्यातच आजोबांचं श्राद्ध आलं. पुढच्या खोलीत ब्राह्मण पाटांवर बसलेले, स्वयंपाकघरात अम्मा आणि कनका सोवळ्यात. एवढ्यात कामवाली सरोजा मागच्या दारात येऊन कोसळली. नवऱ्यानं बत्ता हाणला होता. डोक्यातून रक्त वाहत होतं.

"अय्यो, शिवू नकोस गं तिला!" अम्मा ओरडली. "सगळा स्वयंपाक बाटेल!"

वादिराजराव धावत आले, बघितलं, आणि काय म्हणाले ठाऊक आहे? "आधी ब्राह्मण जेवू देत, मग बघू. ह्या लोकांत हे रोजचंच आहे."

झालं! कनकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागचा बोळ लांबलचक, रिक्षा मिळायची ती पुढच्या रस्त्यावर. तिनं सरोजाला कमरेत धरून उठवलं आणि चुलीजवळून, पिंडाच्या भाताशेजारून, ब्राह्मणांच्या देखत पुढच्या दाराकडे चालवत नेलं.

"माझ्या बापाचं श्राद्ध बुडवलंस, कार्टे!"

"आजोबा थांबतील, अप्पा. ते मेलेत. ही अजून जिवंत आहे! आणि ती बँक तुम्हालाच लखलाभ होवो. मी जाणार नाही म्हणजे नाही!"

रिक्षा सुटली तरी कनकाचा राग उतरला नव्हता. सरोजाच्या नवऱ्याला तुरुंगात टाकते, अप्पांना भर मंडळात जाब विचारते, तोंडाचा पट्टा नुसता चालू होता. पदर डोक्याला दाबून बसलेली सरोजा शेवटी तमिळमध्ये म्हणाली, "कनकाम्मा, तुम्ही बोलून मोकळ्या झालात. आता मोठ्या अम्मा मला दारात तरी उभं करतील का? माझी पोरं खातील काय?"

 सरोजाचं काम आपणच घालवलं, हे कनकाच्या ध्यानातही आलं नव्हतं. संतापानं तिला रडू फुटलं. शिव्या घालायला आता अप्पा समोर नव्हते.