सतराव्या प्रश्नावर सुनगुम आजीचा आक्षेप

तेगू शहराच्या सोमुन बाजारात रजया-दुलया शिवून विकणाऱ्या सुनगुम आजीला वाचता येत नाही, असं कुणी तिच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्याची जीभ तिथेच कातरली गेली असती. तिला दुकानांच्या पाट्या वाचता यायच्या, आणि माणसं तर पाठमोरी असली तरी वाचता यायची. शाळेत ती तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी बापाने हातात सुई दिली. त्या सुईवर तिने दुकान उभं केलं आणि मुलगा शिकवला. तो बायकोसकट उल्सान शहरातल्या कारखान्यात गेला, तेव्हा त्याची पोर सोल्हा आजीने आपल्याकडे ठेवून घेतली. पोरगी हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि बाजारात कुणी विचारो न विचारो, ती हुशार आहे हे आजी सांगायचीच.

तर ही हुशार सोल्हा इंग्रजीची परीक्षा देऊन आली आणि जेवेना.

"मुळ्याचं सार केलंय."

"नको."

"मग काय, राजवाड्यातून ताट मागवू?"

"आजी, भूक नाही."

"पेपर कसा गेला?"

"बरा."

बरा! ज्या पोरीचा पेपर बरा जातो ती सार ढकलून भिंतीकडे तोंड करून बसत नाही. सोल्हा आंघोळीला गेल्यावर आजीने तिचं दप्तर उघडलं. चोरून नव्हे, स्वतःच्या घरात कोण चोरून उघडतं? इंग्रजीचा पेपर काढून तिने खिडकीजवळ धरला. सगळीकडे कसं नीटनेटकं होतं, पण सतराव्या प्रश्नाशी मात्र रेघांचा धुमाकूळ. एकावर तिरकी रेघ, तिनावर रेघ, पाचावर रेघ, आणि चारावर तर रेघ काढून, खोडून, पुन्हा इतक्या जोराने काढली होती की कागद फाटायचा बाकी होता. आजीच्या मुलाच्या वेळी मास्तर बरोबर उत्तराला गोल करायचे आणि चुकलेल्याला अशीच तिरकी रेघ मारायचे. एवढ्या रेघा म्हणजे प्रश्न गेलाच.

"सतरावा गेला ना गं?" तिने दाराबाहेरूनच विचारलं.

आत पाणी थांबलं. "सतराव्याचं नाव काढू नकोस, आजी!"

झालं, आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई भाचीच्या लग्नासाठी रजयांचा जोड बघायला आली. कॉलेजात इंग्रजी शिकवते, असं मागल्याच खेपेला बोलली होती. आजीने रेशमी रजई तिच्या मांडीवर टाकली आणि रजईवर पेपर.

"एवढं वाचून सांगा. रजईचं मग बोलू."

बाईने चष्मा चढवला. "दोन वाक्यं आहेत, आजी. 'दुकान बंद होतं' हे एक. 'लोक बाहेर थांबले होते' हे दुसरं. दोन्ही आपापली पुरी. मध्ये नुसता स्वल्पविराम घालून जोडलीत, ते चुकीचं. दुरुस्त कसं करायचं ते विचारलंय."

"दोन पुरी कापडं, आणि नुसता धावदोरा?"

"हो, अगदी."

"ओढलं की सुटणार. आमच्याकडे त्याला शिवण म्हणत नाहीत. बरं, मग?"

"दुसऱ्या पर्यायात स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम आहे. बरोबर. चौथ्यात स्वल्पविराम ठेवून पुढे 'येट' घातलंय, म्हणजे 'तरीसुद्धा'. तेही बरोबर."

"म्हणजे धावदोऱ्यावर टीप मारली. धरेल."

"धरेल. शाळा कोणतं बरोबर म्हणते?"

आजीने पेपराला टाचलेली शाळेची उत्तरसूची दाखवली. सतराव्यापुढे नुसता दोन. बाईने भुवया वर केल्या, आणि आजीला तेवढं पुरलं. तिने रजई जरा स्वस्तात दिली, दुकानाचं फडकं ओढलं आणि थेट शाळा गाठली.

आक्षेप घ्यायला तीन दिवसांची मुदत असते, कागदावर पालकाच्या नावाचा शिक्का लागतो, हे तिला बाजारानेच शिकवलं होतं. सुताच्या गुंड्यांपेक्षा शाळेच्या परीक्षांवरच तिथे जास्त बोलणं चालतं. शिक्षकांच्या खोलीत इंग्रजीचे मा सर सापडले. तरुण होते, आणि टाय इतका घट्ट बांधलेला की आजीला त्यांची दयाच आली. पण कामापुरतीच.

"सर, शिवणकाम येतं?"

"मला? नाही, आजी."

"तरीच!" तिने झोळीतून दोन चिंध्या काढल्या आणि सगळ्या शिक्षकांदेखत एकदा नुसता दोरा घालून आणि एकदा टीप मारून जोडल्या. पहिली जोडी सरांना ओढायला लावली, सुटली. दुसरी ओढायला लावली, सर लाल झाले, पण जोड सुटला नाही. "हा तुमचा चार नंबर. माझ्या नातीने लिहिला असेल तर तिला गुण द्या."

"पण आजी, 'येट' हा शब्द मी वर्गात वेगळ्या..."

"वर्गात तुम्ही काय केलंत ते मला नका सांगू. जोड धरतो की नाही?"

कोपऱ्यातले गणिताचे सर कपात तोंड घालून हसले. आजीने कागदावर शिक्का उठवला आणि सोल्हाला एका शब्दाने न सांगता घरी आली. मिळालेले गुण तिच्या ताटात वाढायचे होते, म्हणजे पोरगी सारासकट सगळं गिळेल.

तिसऱ्या दिवशी साडेतीनला शाळेतून बोलावणं आलं. मा सरांच्या टेबलाशी सोल्हा आधीच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग बघून आजी दारातच थबकली.

"आजी," सर हळू आवाजात म्हणाले, "रात्री मी चार कोश उघडले. तुमचं बरोबर आहे. 'येट'ने जोडलेलं चालतं. चूक माझी."

"बघा!"

"चार वाजता समिती बसेल. ज्यांनी चार लिहिलंय त्या बत्तीस मुलांना गुण मिळतील."

"आणि माझ्या नातीला?"

सोल्हाच बोलली. "मी दोन लिहिलं होतं, आजी. माझं बरोबरच आलं होतं."

"मग त्या रेघा?"

"नको असलेले पर्याय मी रेघ मारून काढते. सगळेच काढतात."

आजीने खुर्ची शोधली. पुढचं सरांनी बोटांवर मांडून दाखवलं. दीडशे मुलांत पहिली श्रेणी फक्त सहा जणांना मिळते. सोल्हाचा दुसरीकडे तीन गुणांचा एक प्रश्न गेला होता, म्हणून तिला सत्त्याण्णव, आणि नंबर पाचवा. चार मुलांचं बाकी सगळं बरोबर आणि फक्त हा चार गुणांचा सतरावा चुकलेला. ते शहाण्णवावरून शंभरावर जातील. सोल्हा नववी.

"दुसरी श्रेणी?" आजीने विचारलं.

"हो. आक्षेप तुमचा एकटीचाच आहे. चार वाजायच्या आत मागे घेतलात तर समिती बसणार नाही." सरांनी टाय सैल केला. "मला माफीपत्र लिहावं लागणार नाही. तरी मागे घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही."

आजी ताडकन उठली. "अहो, काय घेऊन बसलात! मी तीन यत्ता शिकलेली म्हातारी. मला इंग्रजीतलं काय कळतंय? चिंध्या जोडणारी बाई, बडबडले काहीतरी. आणा तो कागद इकडे."

आयुष्यात तिने इतकं कमीपणाचं बोलणं नवऱ्याच्या तोंडावरसुद्धा केलं नव्हतं. गणिताच्या सरांनी कप खाली ठेवला.

"आजी," सोल्हा म्हणाली, "तो जोड धरतो की नाही?"

"तू गप्प बस. मोठी माणसं बोलताहेत."

"तू इथे सगळ्यांसमोर ओढून दाखवलास ना? सांग, धरतो की नाही?"

"धरतो! म्हणून काय? धरणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ आहेत."

"मला परीक्षेतच माहीत होतं," सोल्हा म्हणाली. "दोन्ही बरोबर आहेत हे. सरांना काय हवंय ते ओळखून मी दोन लिहिलं. मग उत्तरं लागली आणि चार लिहिलेला आपल्या शेजारच्या गाळ्यातला तेयुल माझ्याजवळ बसून रडला, आणि मी त्याला म्हटलं, असू दे, पुढच्या वेळी. तीन दिवस माझ्या घशाखाली काही उतरलं नाही. तू आक्षेप घेतलास हे आज कळलं तेव्हा आधी मला तुझा राग आला, आणि मग..."

"मग काय?"

"मग भूक लागली."

आजीने पोरीकडे पाहिलं. हनुवटी तिचीच, ती पुढे काढायची तऱ्हाही तिचीच. आईवर गेली असती तर आज पाचवी राहिली असती.

"घोडे," आजी म्हणाली, "पहिली श्रेणी हातची चाललीय तुझी. कॉलेजच्या दारात ही हनुवटी मोजणार आहेत का?"

"पुढच्या परीक्षेत बघू."

"बघू म्हणे! तू नाही, मी बघणार. रोज पहाटे बघणार." तिने आक्षेपाचा कागद उचलला, उलटा-सुलटा केला, आणि सरांच्या टेबलावर असा आपटला की पेनं उडाली. "बसवा तुमची समिती. आणि माफीपत्र सुवाच्य लिहा, मला वाचायचंय."

निकाल लागायला आठवडा गेला. त्या सकाळी शेजारच्या गाळ्यातली, कालगुक्सूचे, म्हणजे उकळत्या शेवयांच्या साराचे, वाडगे वाढून वाढून हात भाजलेली तेयुलची आजी, तांदळाच्या गोड वड्यांचं ताट घेऊन गल्लीभर फिरत होती. सुनगुम आजीच्या गाळ्यासमोर तर तिची चाल मुद्दाम संथ झाली.

"घ्या हो. आमचा तेयुल इंग्रजीत पहिला आला. शंभरपैकी शंभर! तुमची कितवी?"

"नववी."

"अगबाई! वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांना थोडंच जमतं."

सुनगुम आजीने एक वडी तोंडात टाकली, दुसरी हातात घेतली, तिसरी सोल्हासाठी फडक्यात बांधली.

"तो पहिला कसा आला, विचारलंस का त्याला?"

"अभ्यास केला म्हणून!"

"केलाच की. शाळेने त्याचे चार गुण कापले होते, ते मी भांडून परत आणले. त्यापायी माझी चार पायऱ्या खाली आली."

तेयुलच्या आजीचं ताट हवेतच राहिलं.

"अगं, पण तू असं का केलंस?"

"तुझ्या पोराचं बरोबर होतं म्हणून. आता अशी बघत उभी राहू नकोस. तीळ लावलेल्या वड्या तळाशी लपवल्यायस, त्या काढ."